पन्हाळा: वेढ्याच्या क्रमाने पाहिलेला गड

कोल्हापुरात पाहुणे आले की बेत ठरलेला असतो. सकाळी अंबाबाई, दुपारी पन्हाळा, येताना जोतिबा, रात्री तांबडा-पांढरा. मीही लहानपणापासून पन्हाळा असाच पाहिला. गाडी तीन दरवाजापाशी, मग सज्जा कोठीपाशी, मग तबक उद्यानाशी थांबायची, आणि आम्ही उतरून, फोटो काढून परत चढायचो. तीन-चार वेळा जाऊनही गड डोक्यात बसला नव्हता. गेल्या श्रावणात मात्र आई आणि अकरा वर्षांची भाची यांना घेऊन दोन रात्री वरच मुक्काम केला आणि बरंचसं पायी पाहिलं. जे जाणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधीच सांगते, जमल्यास निदान एक रात्र वर राहा.

कारण पन्हाळा हा नुसता किल्ला नाही, नांदतं गाव आहे. तटाच्या आत नगरपरिषद आहे, शाळा, दवाखाना, बाजार, सगळं आहे. लोकवस्ती जेमतेम तीन हजारांची. संध्याकाळी शेवटच्या गाड्या उतरल्या की गाव आपलं आपल्याला परत मिळाल्यासारखं शांत होतं. सकाळी धुक्यात दुधाच्या किटल्यांचा आवाज येतो आणि माणूस नंतर दिसतो. हे दुपारच्या फेरीत कधीच कळत नाही.

कोल्हापूरहून अंतर वीसेक किलोमीटर. मध्यवर्ती बस स्थानकावरून (सीबीएस) एसटी मिळते. स्वतःची गाडी असेल तर रत्नागिरी रस्त्याने वाघबीळला वळायचं. शनिवार-रविवारी सकाळी अकरानंतर वर गाड्या लावायला जागा उरत नाही, म्हणून आम्ही सोमवारी गेलो आणि ते फार बरं झालं. पावसाळ्यात निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी जरूर करा. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत वर जायचा मुख्य रस्ता खचला होता आणि कित्येक महिने गाड्या जात नव्हत्या.

गाडी गावात शिरते तिथे चार दरवाजाचे अवशेष आहेत. गडकऱ्यांच्या बंडानंतर १८४४ साली इंग्रजांनी हा दरवाजा पाडला. म्हणून आज गडाचं तोंडच नाहीसं झालंय आणि आपण थेट घरात शिरल्यासारखे आत येतो. इथे गाडी थांबवून भाचीला मी एवढंच सांगितलं, की आपण आत आलोय ते मोडलेल्या दारातून. शाबूत दार पलीकडच्या बाजूला आहे, ते उद्या पाहू.

आता पाहण्याच्या क्रमाबद्दल. स्थळांची यादी कुठल्याही टपरीवर मिळते. ती यादी वेढ्याच्या क्रमाने लावली तर गड समजतो, हे मला या वेळी उमगलं. अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ला, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्या मार्चमध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि महाराज थेट १२ जुलै १६६०च्या रात्रीपर्यंत वरच अडकून होते. चार महिन्यांहून जास्त. इतके दिवस इतकी माणसं वर काय खात होती, काय पीत होती आणि शेवटी कुठून गेली? हे तीन प्रश्न घेऊन फिरा.

खाण्याचं उत्तर अंबारखान्यात आहे. बालेकिल्ल्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा सगळ्यांत मोठी. आत शिरल्यावर डोळे सरावायला मिनिटभर लागतं, मग कमानींमागून कमानी दिसू लागतात. आतला भाग सोळा चौकांचा आहे आणि दर चौकाच्या छताला एक भोक आहे. बाहेरच्या पायऱ्यांनी माथ्यावर जायचं आणि तिथून धान्य ओतायचं. एकट्या गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आई गावाकडे कणग्या लिंपत मोठी झालेली. तिने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ओल नाही बघ कुठे." बाहेर धो धो पाऊस चालू होता. माझ्यासाठी अख्ख्या सहलीतला तोच क्षण सर्वांत मोलाचा. इथे घाई करू नका. माथ्यावरच्या पायऱ्या पावसात शेवाळतात, म्हातारी माणसं आणि लहान पोरं खालीच थांबलेली बरी.

पाण्याचं उत्तर तीन दरवाजाजवळच्या अंधार बावडीत. बाहेरून ती साधी इमारत वाटते. आत तीन मजले आहेत. सगळ्यांत खाली विहीर, मधल्या मजल्यावर राहण्याजोगी जागा आणि तिथूनच तटाबाहेर उघडणारी वाट, वर पहारा. गडावरच्या उघड्या तळ्यांत शत्रूने काही कालवलं तरी इथलं पाणी आपल्या ताब्यात राहावं अशी ही रचना. एवढ्याशा जागेत पाणी, पहारेकरी आणि निसटायची वाट एकत्र बसवणाऱ्या माणसाचं डोकं काय असेल! मोबाइलच्या उजेडावर भागवू नका, चांगली बॅटरी न्या. पायऱ्या उंच आणि ओल्या असतात. आईचे गुडघे दुखतात, ती वरच्या मजल्यावर थांबली, भाची आणि मी खाली उतरलो. पाण्याच्या बाटल्या आत टाकणारे लोक पाहून मन खट्टू होतं. आपली पिशवी भरून परत आणता आली तर आणा.

तीन दरवाजा शेजारीच. आदिलशाही काळातला, फारसी शिलालेख असलेला, गडावरचं सगळ्यांत देखणं बांधकाम. एकामागे एक दरवाजे आणि मध्ये चौक. पहिलं दार फोडून आत आलेला शत्रू या चौकात चहूकडून कोंडला जाणार, हे तिथे उभं राहिल्यावर मुलांनाही आपोआप कळतं. वेढ्यानंतर हातचा गेलेला हाच गड १६७३च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ मावळ्यांनिशी रात्रीत पुन्हा जिंकला. मी हे सांगितल्यावर भाची चौकाच्या मध्यभागी जाऊन बोटांवर साठ मोजू लागली. सकाळी आठच्या आत या, चौक मोकळा मिळतो. दहानंतर फोटोवाले असतात.

तिसरं उत्तर राजदिंडी. गाड्या थांबायच्या ठिकाणांत हिचा नंबर शेवटचा, कारण पाहण्यासारखं "काही नाही". एक छोटी वाट आणि खाली उतरणारा डोंगर. आषाढी पौर्णिमेच्या रात्री, भर पावसात, सुमारे सहाशे माणसं घेऊन महाराज इथून विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद बसले आणि पकडले गेले. पुढे घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू उभे राहिले. आधी अन्न आणि पाणी पाहून इथे आलात, तर ही वाट पाहताना पोटात खड्डा पडतो. आम्ही तिघी काही न बोलता पाऊण तास तिथे उभ्या होतो. धुकं हललं की पलीकडे मसाईचं पठार दिसायचं आणि पुन्हा जायचं.

तटबंदीचा घेर सुमारे सात किलोमीटर. धडधाकट माणसाने एक सकाळ त्याच्या कडेने चालण्यात घालवावी. पश्चिमेच्या पुसाटी बुरुजावर संध्याकाळी जा. वारा इतका असतो की छत्री उघडूच नका, रेनकोट घाला. सज्जा कोठी पूर्वेच्या कड्यावर आहे, तिथून खालचं सगळं खोरं दिसतं. शंभूराजे १६८०च्या सुरुवातीला पन्हाळ्यावरच होते. महाराजांची आणि त्यांची शेवटची भेट याच गडावर झाली, आणि एप्रिलमध्ये महाराज गेले तेव्हाही शंभूराजे इथेच होते. कोठीच्या गॅलरीत उभं राहून हे आठवलं की दरीचं सौंदर्य पाहायचं भान राहत नाही.

बाकीचं भराभर सांगते. सोमेश्वर तळं आणि मंदिर शांत आहे, बसायला छान. रामचंद्रपंत अमात्यांची समाधी बहुतेक जण चुकवतात, विचारून जा, आज्ञापत्र हा मराठी राजनीतीवरचा ग्रंथ लिहिणारा माणूस आहे तो. ताराराणींनी इथून राज्य चालवलं, त्यांचा वाडा गावातच आहे. राजधानी कोल्हापूरला गेली ती १७८२ साली. कवी मोरोपंतांचा जन्म इथला, १७२९चा. तबक उद्यान मुलांना आवडतं, मोठ्यांनी नाही पाहिलं तरी चालेल. पावनगड शेजारीच आहे, दोन तास हाताशी असतील तरच जा, पण जा, कारण तिथे गर्दी नसते.

जेवणाचं म्हणाल तर हॉटेलपेक्षा तीन दरवाजाच्या आसपास पिठलं-भाकरी विकणाऱ्या बायकांकडे जेवा. चुलीवरची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, खरडा, दही, कांदा. आम्हाला वाढणाऱ्या काकी भाचीकडे बघून म्हणाल्या, "खरडा लई तिखट हाय बाळा, दह्यात कालवून खा." आईने पिठल्यात काय घातलंय विचारलं तर त्यांनी तिला चुलीपाशीच बसवून घेतलं. पाऊस जोरात असला की त्या लवकर आवरतात, दुपारी दीडच्या आत पोहोचा. रोख सुटे पैसे ठेवा, धुक्यात आणि पावसात मोबाइलची रेंज जाते.

ज्यांना पावनखिंडीपर्यंत चालत जायचंय त्यांनी जुलैमधल्या मोहिमांबरोबर जावं. दोन दिवस, पन्नासेक किलोमीटर, चिखल, ओढे आणि वाड्यावस्त्यांतला मुक्काम. एकट्यादुकट्याने पावसात हा मार्ग धरू नये, पठारावर धुक्यात दिशा हरवते. तेवढं बळ नसेल तर मसाई पठारापर्यंतची अर्ध्या दिवसाची फेरी करा, जवळपर्यंत गाडीही जाते. श्रावण संपता संपता पठारावर फुलं येतात. बूट घाला, चपला नकोत. जांभ्या दगडावर पाय सटकतो.

एक तक्रारही आहे. आम्हाला भेटलेल्या एका वाटाड्याने दर बुरुजापाशी नवी दंतकथा सांगितली आणि तारखा सगळ्या चुकवल्या. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात पन्हाळा आहे. अशा गडावर मुलांना खरं ते कळायला हवं. जाण्यापूर्वी घरी तासभर वाचून जा आणि मुलांना तुम्हीच सांगा.

उतरताना थेट कोल्हापूर गाठू नका. पायथ्याला नेबापूर आहे, तिथे शिवा काशीदांची समाधी आहे. ते याच गावचे. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा समाधीभोवतीची पानं झाडत होते. आईने त्यांच्याकडून फुलं कुठे मिळतील विचारलं. त्यांनी शेजारच्या अंगणातली दोन जास्वंदीची फुलं तोडून भाचीच्या हातात दिली आणि ती तिनेच वाहिली.