ओनोमिचीच्या पायऱ्यांवर एक दिवस

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी लोकल गाडीने मी ओनोमिचीला उतरले. हिरोशिमा प्रांतातले, सेतो अंतर्समुद्राच्या काठचे हे जुने बंदर. स्थानकापासून दोन-चार मिनिटांवर धक्का आहे; तिथे उभे राहिल्यावर समोरचे पाणी समुद्राचे आहे हे मनाला पटेना, कारण पलीकडचे मुकाइशिमा बेट इतके जवळ आहे की मधली सामुद्रधुनी एखाद्या संथ नदीसारखी भासते.

११६९ साली आतल्या मुलखातील एका जहागिरीचा तांदूळ जहाजांत भरण्यासाठी हे बंदर सुरू झाले. पुढे एदो काळात (१६०३ ते १८६८) उत्तरेकडून ओसाकाकडे जाणारी कितामाएबुने जहाजे इथे थांबू लागली, व्यापारी श्रीमंत झाले आणि त्यांनी डोंगरउतारावर देवळांना सढळ हाताने दान दिले. आज बंदर शांत आहे. देवळे मात्र उतारभर तशीच उभी आहेत.

त्या उतारावर रस्ते नाहीतच, नुसत्या दगडी पायऱ्या आणि दोन माणसांना जेमतेम ओलांडता येईल अशा गल्ल्या. वाहन वर जात नसल्याने बरीच घरे रिकामी पडली आहेत. एका दारापुढे मी बराच वेळ थांबले. टपालपेटीच्या फटीवर चिकटपट्टी लावलेली होती, कौलांवर शेवाळ चढले होते, आणि अंगणातले पर्सिमॉनचे झाड केशरी फळांनी लगडूनही ती उतरवायला कोणी नव्हते. अशी घरे दुरुस्त करून नव्या रहिवाशांना देण्याचे काम इथल्या लोकांनी हाती घेतले आहे, याचे मला फार समाधान वाटले.

माथ्याजवळच्या सेन्कोजी मंदिराच्या आवारात एक प्रचंड खडक आहे. त्यावर पूर्वी एक रत्न होते आणि त्याच्या प्रकाशात रात्रीची जहाजे वाट शोधत, अशी आख्यायिका आहे.

माझे मन खरे रमले ते पूर्वेकडच्या जोदोजी मंदिरात. त्याच्या पायऱ्या रेल्वेमार्गाखालून वर चढतात, त्यामुळे डोक्यावरून गाडी धडधडत गेली की मग आवारात पारव्यांचे घुमणे ऐकू येते. १३२५ साली हे मंदिर आगीत जळाले आणि गावातल्या व्यापाऱ्यांच्या दानातून १३२७ मध्ये आजचे मुख्य मंदिर उभे राहिले. ते आता जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. इथली आराध्यमूर्ती अकरा मुखांच्या कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, समुद्रावरच्या संकटातही धावून येणाऱ्या करुणामय बोधिसत्त्वाची. मूर्तीचे दर्शन मला झाले नाही, पण बोरिवलीजवळच्या कान्हेरीतले ४१ क्रमांकाचे लेणे डोळ्यांपुढे आले, कारण तिथेही अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. समुद्रावर माल पाठवणाऱ्या माणसाच्या जिवाला लागलेला घोर दोन्हीकडे सारखाच असणार. त्या लाकडी ओसरीवर बसून मी कान्नोनला मनोभावे हात जोडले.

संध्याकाळी फेरीबोटीने मुकाइशिमाला निघाले. सायकली धरून उभी असलेली शाळकरी मुले, एक मोटार आणि मी, एवढेच प्रवासी होतो. पाच मिनिटांत पलीकडचा धक्का आला. मागे वळून पाहिले तेव्हा उतारावरच्या घरांत दिवे लागत होते, आणि जिथे खिडक्या अंधाऱ्या राहिल्या तिथली घरे कोणती, हे मला आता ठाऊक होते.