तुम्ही विचारलंत म्हणून: चालक संघ बदलतो तेव्हा नेमके काय बदलते?

ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेचा, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींचा, नवा हंगाम जवळ आला, की मला थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारला जातो: अमुक चालक तमुक संघात गेला, आता यंदा त्याचे काय होणार? विचारणाऱ्याला बहुधा एका वाक्यात उत्तर हवे असते, आणि मी मात्र उलट विचारतो की त्याच्याबरोबर आणखी कोण गेले. हे टाळाटाळीचे वाटते, याची मला कल्पना आहे. म्हणून या वेळी जरा विस्ताराने सांगतो.

2011 पासून या स्पर्धेत जी नियमावली आली, तिच्यानुसार गिअरबॉक्स, ब्रेक, सबफ्रेम, टर्बो असे अनेक महत्त्वाचे भाग सगळ्यांना ठरावीक पुरवठादाराकडूनच घ्यावे लागतात. बाहेरून एक गाडी फोर्ड दिसते, दुसरी ह्युंदाई, तिसरी बीएमडब्ल्यू. पण पत्र्याखाली त्यांच्यात पुष्कळ साम्य असते. जे स्वतंत्र उरते ते म्हणजे गाडीची बांधणी किती काटेकोर आहे, इंजिन कोणाचे आहे, पुढची चाके गाडी ओढतात की मागची ढकलतात, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे कोणत्या ट्रॅकवर कोणत्या हवेत सस्पेंशन कसे लावायचे याची वर्षानुवर्षे साठवलेली टिपणे. ही टिपणे संघाच्या मालकीची असतात. त्यांचा अर्थ लावण्याची हातोटी मात्र इंजिनिअरच्या डोक्यात असते, आणि ती त्याच्याबरोबर दुसऱ्या गॅरेजमध्ये जाते.

ॲश सटन या चालकाचे उदाहरण मला म्हणूनच सर्वांत बोलके वाटते. त्याने 2017 चे विजेतेपद सुबारू लेव्हॉर्गवर आणि 2020 व 2021 ची विजेतेपदे इन्फिनिटी क्यू50 वर मिळवली. या दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. 2022 साठी तो पुढच्या चाकांवर चालणाऱ्या फोर्ड फोकसकडे गेला, तेव्हा अनेकांना ही मोठी जोखीम वाटली, कारण अशा बदलात कोपऱ्यात शिरण्याची, टायर सांभाळण्याची, इतकेच काय पण ॲक्सिलरेटरवर पाय टेकवण्याची सवयसुद्धा मोडून नव्याने लावून घ्यावी लागते. पण त्याचा जुना इंजिनिअर आंतोनिओ कारोत्सा हाही त्याच्याबरोबर नव्या संघात आला होता. पहिल्या वर्षी सटन उपविजेता ठरला आणि 2023 मध्ये त्याने चौथे विजेतेपद घेतले. सटनची गुणवत्ता वादातीत आहे, परंतु तो एकटा गेला असता तर ही पायरी इतक्या लवकर चढला असता, असे मला वाटत नाही.

याच्या उलट कॉलिन टर्किंग्टनकडे पाहावे. 2014 मध्ये वेस्ट सरे रेसिंगच्या बीएमडब्ल्यूवर तो विजेता झाला, पुढच्याच वर्षी दुसऱ्या संघाच्या फोक्सवॅगन सीसीमध्ये बसला, 2016 मध्ये सुबारू चालवली, आणि 2017 मध्ये पुन्हा वेस्ट सरे रेसिंगकडे परतला. 2018 आणि 2019 ही दोन्ही विजेतेपदे त्याला परतल्यानंतर मिळाली. चालक तोच होता आणि मधल्या काळात तो काही गाडी चालवायला विसरला नव्हता.

आता स्पर्धेत उतरणाऱ्या संघ-चालकांच्या यादीतली एक फसवी गोष्ट. संघाच्या नावात प्रायोजकाचे नाव असते, आणि प्रायोजकही घर बदलतात. सटनच्या इन्फिनिटीवर लेझर टूल्स हे नाव होते. 2024 मध्ये जेक हिल विजेता झाला तेव्हा त्याच्या बीएमडब्ल्यूवरही तेच नाव होते, पण ती गाडी वेस्ट सरे रेसिंगने तयार केलेली होती. हिलच्या बाबतीत तर संघाची पाटीसुद्धा त्याच्याबरोबर फिरली: माजी फॉर्म्युला वन चालक मार्क ब्लंडेल यांच्या एमबी मोटरस्पोर्टच्या नावाखाली तो 2021 मध्ये फोर्ड फोकस चालवत होता आणि 2022 मध्ये त्याच नावाखाली बीएमडब्ल्यू. केवळ छापील यादी वाचणाऱ्याला वाटेल की हा संघातच राहिला. प्रत्यक्षात गाडी, गॅरेज आणि मेकॅनिक सगळेच बदललेले होते. शिवाय पूर्ण हंगाम उतरणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी ‘टोका’ (TOCA) या आयोजक संस्थेचा परवाना लागतो, त्यामुळे पुष्कळदा चालक कुठे जाणार हे त्याच्या इच्छेपेक्षा परवाना आणि पैसा कोणाकडे आहे यावरून ठरते. हिवाळ्यात ज्याला आपण ‘धाडसी निर्णय’ म्हणून वाखाणतो, तो कित्येकदा उरलेला एकमेव पर्याय असतो.

हंगामाच्या पहिल्या दोन-तीन शर्यतींवरून निकाल लावू नये, हेही मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ते कोणी ऐकत नाही. आलँ मेन्यू 1997 चा विजेता. 1999 मध्ये तो रेनॉ सोडून फोर्ड माँडेओकडे आला, आणि त्याच वर्षी त्या गाड्यांची जबाबदारीही प्रोड्राइव्ह या कंपनीकडे नव्याने आली होती. ते वर्ष निराशेचे गेले, 2000 मध्ये मात्र विजेतेपद त्याच माँडेओवर त्याच्याकडे आले. चालक आणि संघ दोघेही नवखे असतील, तर दुसऱ्या वर्षाकडे पाहावे.

आणि जो हलत नाही, त्याच्याविषयी मला कोणीच विचारत नाही. टॉम इंग्रम 2021 मध्ये टोयोटा सोडून एक्सेलरेट संघाच्या ह्युंदाईकडे गेला, 2022 मध्ये विजेता झाला, आणि नंतर तिथेच राहिला. 2025 मध्ये हायब्रिड यंत्रणा काढून टाकली गेली आणि सगळ्याच संघांना गाडीचा तोल नव्याने साधावा लागला. त्या वर्षीचे विजेतेपद इंग्रमने घेतले, त्याच संघाकडून, त्याच ह्युंदाईवर.