निअर पोस्टला न जाणारा स्ट्रायकर

शुक्रवारी आमचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, सगळ्या चाचण्या पास झाला आणि तरीही मी त्याच्या फिटनेसच्या कागदावर सही केली नाही. फुटबॉल संघाची फिजिओ आहे मी. सही अडवली की ड्रेसिंग रूममधले चेहरे कसे बदलतात, ते मला चांगलं ठाऊक आहे.

डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, फाटून झालेल्या शस्त्रक्रियेनंतरचा तो आठवा महिना. आमचं काम लोकांना वाटतं तसं मालिशचं नसतं, बरंचसं मोजमापाचं असतं. एका पायावर उडी, टेपनं अंतर, मग दुसऱ्या पायावर. ऑपरेशन झालेला पाय चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आला की पास. त्याचे ९६ आले. या आकड्यावर माझा जुना राग आहे. इतके महिने सामने न खेळल्यानं 'चांगला' पायही उतरलेला असतो, त्यामुळे तुलना दोन कमजोर पायांची होते. शिवाय पुढे उडी मारताना गुडघ्याच्या वाट्याचं काम नितंबाचे स्नायू आणि घोटा भरून काढतात. खरं काय ते कळतं उतरताना आणि पळता पळता थांबताना.

म्हणून मी त्या आठवड्याच्या सरावाचं रेकॉर्डिंग मागवलं. या मुलाचं वैशिष्ट्य म्हणजे निअर पोस्टवरचे, म्हणजे चेंडू ज्या बाजूनं येतो त्या बाजूच्या गोलखांबाजवळचे गोल. उजवीकडून क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू, येणार असं दिसलं की तो फार पोस्टकडे, पलीकडच्या खांबाकडे, निघाल्यासारखं करायचा, बचावपटूचा तोल तिकडे गेला की डाव्या पायावर एकदम थांबायचा आणि उलटा वळून त्याच्या पुढ्यात घुसायचा. चेंडूला नुसता बूट लागला तरी पुरायचं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो प्रत्येक क्रॉसला फार पोस्टलाच गेला होता. तिथून त्यानं गोलही केले, म्हणून कोणालाच काही खटकलं नाही. फुटबॉलमध्ये गोल झाला की तपासणी थांबते. मी त्याला दाखवलं तेव्हा तोही चमकला. दुखत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. पाय स्वतःच ती वाट टाळत होता.

प्रशिक्षक म्हणाले, "रोनाल्डोनं गुडघा मोडल्यावर २००२च्या वर्ल्डकपमध्ये आठ गोल मारले." ब्राझीलच्या रोनाल्डोचं हे उदाहरण प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ असतं. त्याची इजा वेगळी, पटेलाच्या म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या टेंडनची. पण एप्रिल २००० मध्ये इंटर मिलान या इटालियन क्लबकडून परतताना मैदानात उतरल्यावर काही मिनिटांतच तोच गुडघा पुन्हा गेला, हे कोणी सांगत नाही. एसीएलबद्दल तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितकं लांबवाल, तितका पुन्हा इजा होण्याचा धोका दर महिन्याला सुमारे निम्म्यानं कमी होतो. मी तोच पुढे ठेवला.

खरा प्रश्न प्रशिक्षकांचा नव्हताच. तो स्ट्रायकर संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन उभा राहिला. "मॅडम, सीझन संपला की माझा करार संपतो. तुम्ही गुडघा वाचवाल, पण तो घेऊन मी खेळू कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बचावपटू वर्षभर दिसला नाही तरी त्याच्या अनुभवाला किंमत असते. स्ट्रायकरचा भाव शेवटच्या काही सामन्यांतल्या गोलांवर ठरतो, आणि त्याचे एजंटही तेवढाच तक्ता घेऊन फिरतात. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, माझंही नव्हतं.

त्या शुक्रवारनंतरचा सामना तो खेळला नाही. पुढचे आठवडे आम्ही फक्त थांबणं आणि वळणं घोटलं: आधी एकट्यानं, मग माझ्या हाताच्या इशाऱ्यावर, मग अंगाला भिडणारा बचावपटू ठेवून. सीझनच्या शेवटी त्याला बदली खेळाडू म्हणून थोडा वेळ मिळाला, गोल झाला नाही, आणि क्लबनं करार वाढवला नाही. आता तो खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. त्याचे सामने मी बघते. निअर पोस्टला जातो. पण करार नाकारणाऱ्यांच्या बैठकीत वैद्यकीय विभागाला कोणी बोलावलं नव्हतं, आणि त्याची ही धाव बघायलाही त्यांच्यापैकी कोणी जात नाही.

आमच्या तपासणीच्या कागदावर खेळाडूच्या जागेनुसार एक रकाना असावा, अशी लेखी मागणी मी केली आहे. स्ट्रायकरसाठी त्यात पहिली ओळ क्रॉसवरच्या धावेची असेल. अजून उत्तर आलेलं नाही, त्यामुळे पुढच्या बैठकीत मी ती पुन्हा मांडणार आहे.