अण्णाने हटवलेला मेसेज

रविवार, रात्र. नाशिकरोड.

सकाळी घरच्या ग्रुपवर निफाडहून माझ्या भावाचा, अण्णाचा, लांबलचक मेसेज आला होता. लासलगावात कांद्याला काय भाव लागला, खतावर किती गेले, मजुरी किती, आणि सरकारबद्दल चार कडक वाक्यं. मी चहा ठेवून येईपर्यंत मेसेज हटवलेला. मधल्या वेळात काकांनी तो जुना फॉरवर्ड टाकला होता: सगळे कॉल रेकॉर्ड होतात, तीन निळ्या टिक दिसल्या की सरकारने मेसेज वाचला, लाल दिसली की कारवाई.

फोन केला तर म्हणाला, "ताई, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचंय. कशाला उगाच नजरेत यायचं?"

तो फॉरवर्ड खोटा आहे, सरकारच्याच माहिती कार्यालयाने, पीआयबीने, तसं जाहीर केलंय, हे त्याला सांगितलं. पण 'कुणीच वाचू शकत नाही' हे काही तोंडातून निघेना. साधा एसएमएस कंपनीच्या यंत्रणेतून उघडाच जातो. व्हॉट्सॲपचा मजकूर २०१६ पासून कुलूपबंद असतो, तरी कोण कुणाशी कधी बोललं याची नोंद राहतेच. आणि संदेश अडवायचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्यापासून आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तो तसाच आला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला लगाम घातला: गृहसचिवांचा आदेश हवा, मुदत हवी, समितीने तपासायला हवं. पण समितीतही सचिवच. न्यायाधीश एकही नाही. ज्याचं वाचलं त्याला कधी कळवतही नाहीत. मला सगळ्यात खुपतं ते हेच. कळलंच नाही तर माणूस दाद मागणार कुठे?

२०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तेव्हा मी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. आज ते अण्णाला वाचून दाखवावंसं वाटलं, पण त्याच्या कर्जापुढे ते तोकडं पडलं असतं.

आमचे वडील, दादा, इथल्या सरकारी प्रेसमध्ये होते. पोस्टाची तिकिटं, पाकिटं तिथेच छापतात. आजीचं आईला आलेलं अंतर्देशीय ते न फोडता आईच्या हातात द्यायचे. आई चुलीपाशी बसून वाचायची आणि आम्ही कुणी डोकवलो तर दादा ओरडायचे, "तिचं पत्र आहे ते!" घरातल्या घरात, नवरा-बायकोतसुद्धा.

दुपारी वाटलं, अण्णाला पत्रच लिहून कळवावं, जे वाटतं ते मोकळेपणी लिहीत जा म्हणून. पण टपाल अडवून उघडायची तरतूदही २०२३ च्या पोस्ट कायद्यात आहेच. पेन तसंच खाली ठेवलं.

अण्णाने गुन्हा केला नव्हता. भाव सांगितला होता, आणि राग. तो राग वाचायचा हक्क आधी आम्हा भावंडांचा होता, आणि मला तो धड वाचताही आला नाही.

झोपण्याआधी ग्रुप पाहिला. अण्णाने गुलाबाचं फूल टाकून 'शुभ रात्री' लिहिलंय. काकांनी खाली हात जोडलेत.