एकूण रकमेचे लेबल

आज दिवसभर जावाएफएक्समध्ये (जावा भाषेत खिडक्या आणि बटणे असलेले प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन) बिलाच्या एका खिडकीवर काम केले. वर वस्तूंची सारणी आणि खाली एकूण रक्कम दाखवणारे लेबल, एवढीच मागणी होती. यादी बदलणाऱ्या प्रत्येक बटणाच्या कोडमध्ये लेबलाचा मजकूर नव्याने भरत बसणे मला पटत नाही, कारण पुढे कोणी नवे बटण जोडले की नेमकी तीच ओळ राहून जाते. म्हणून लेबलाचा मजकूर यादीशी बांधून टाकला, म्हणजे यादी बदलली की तो आपोआप बदलावा: त्यासाठी ‘बाइंडिंग्ज’ वर्गातील ‘क्रिएटस्ट्रिंगबाइंडिंग’ला बेरजेचे फंक्शन आणि ज्यावर ते अवलंबून आहे ती ऑब्झर्व्हेबल, म्हणजे स्वतःतील बदल कळवणारी, यादी दिली. (नुसती ओळींची संख्या हवी असती, तर ‘बाइंडिंग्ज.साइझ’ पुरेसे होते.)

खरी मेख मात्र पुढे आहे. ओळ वाढली किंवा वगळली की रक्कम बदलते. पण असलेल्याच ओळीतील नग 2 वरून 3 केले, तर लेबल ढिम्म राहते, कारण यादीच्या दृष्टीने वस्तू तीच असते आणि बदल तिच्या आतल्या गुणधर्मात झालेला असतो. त्यासाठी यादी तयार करतानाच ‘एक्स्ट्रॅक्टर’ देऊन प्रत्येक वस्तूच्या कोणत्या गुणधर्मांकडे, म्हणजे इथे नग आणि दर यांच्याकडे, लक्ष ठेवायचे हे सांगावे लागते. हे केल्यावर बेरीज अचूक बदलू लागली, आणि ते पाहताना मनापासून समाधान वाटले.

बांधलेल्या लेबलावर कोणी थेट ‘सेटटेक्स्ट’ने मजकूर भरू पाहिला, तर एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाची त्रुटी, येते. ही सक्ती मला अगदी योग्य वाटते, कारण त्यामुळे आकड्याचा उगम एकच राहतो.