डबा तोच ना?

नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात तेव्हा मी बिलिंगला होतो. १५ फेब्रुवारी २०१७, बुधवार. आदल्याच दिवशी बातमी आली होती, केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या जाळीच्या, कमाल किमती ठरवून टाकल्या होत्या. औषधी लेप असलेला २९,६००, साधा ७,२६०, व्हॅट वेगळा.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांना डिस्चार्ज होता. रविवारी रात्री अटॅक, लगेच अँजिओप्लास्टी. बिलात स्टेंटचे १,१५,०००. शेजारच्या खाटेवरच्या मावशींची मंगळवारी संध्याकाळी झाली. स्टेंट त्याच कंपनीचा, त्याच मापाचा. त्यांना लागले २९,६०० आणि व्हॅट. दोन्हीकडची माणसं दोन दिवस एकाच बाकावर बसलेली, एकमेकांचा डबा खाल्लेली. कळायला कितीसा वेळ लागणार?

काकांचा मुलगा काउंटरवर आला. आरडाओरडा नाही. मोबाइलमध्ये दोन्ही फायलींवर चिकटवलेल्या, स्टेंटच्या डब्यावरच्या स्टिकरचे फोटो.

"साहेब, डबा तोच ना?"

"तोच."

"मग?"

मी म्हटलं, आदेश तेराव्या तारखेचा आहे, तुमचं बाराला झालं. नियमाने मी बरोबर होतो.

"म्हणजे अण्णांनी दोन दिवस दम धरायला पाहिजे होता."

मला काही बोलता आलं नाही. वितरकाचं चलन माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं. आमच्याकडे स्टेंट वितरकाचेच ठेवलेले असायचे, वापरला की तेवढ्याचे पैसे चुकते करायचे. चलनावरचा आकडा आणि बिलातला आकडा यांत दुपटीहून जास्त अंतर. ते चलन काही मी त्याला दाखवलं नाही. वर जाऊन बोललो, वीस हजार कमी करून आणले. उरलेल्यासाठी त्याने द्राक्षाच्या व्यापाऱ्याला फोन लावला. उचल मागताना मात्र त्याचा आवाज खाली गेला.

आदेशात एक कलम चांगलं होतं. बिलात स्टेंट वेगळा दाखवायचा, ब्रँड आणि बॅच नंबरसकट. अँजिओप्लास्टीत लागणाऱ्या बलून, वायर यांना मात्र मर्यादा नव्हती. महिनाभराने नवीन दरपत्रक टाइप करायला माझ्याकडेच आलं. कॅथलॅबचे, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचे, चार्जेस वाढलेले, बलून वाढलेला. एकूण बिल उतरलं होतं, नाही असं नाही. पण स्टेंट जेवढा उतरला त्याच्या निम्म्यानेही नाही.

टाइप करून झाल्यावर मी बेरीज दोनदा ताळून पाहिली आणि सहीला वर पाठवलं.