आमची वाटचाल: इन्स्टॉलेशनच्या पानाच्या जिवावर

आमचं टूल ब्राउझर-टेस्टिंगचं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियमवर उभं, मॅन्युअल टेस्टरला कोड न लिहिता रिग्रेशन (बदलानंतर जुनं सगळं अजून चालतंय ना, ही तपासणी) चालवता यावं म्हणून केलेलं. असली टूल्स पुष्कळ आहेत, हे मला कुणी सांगायला नको. पण त्यांतल्या किती जणांचं इन्स्टॉलेशनचं पान कोऱ्या मशीनवर वरून खाली जसंच्या तसं चालवलं की टूल उभं राहतं, ते एकदा करून बघा. मग मी काय मिरवतोय ते कळेल.

सुरुवात पायथन २.७ वर. क्रोमचं व्हर्जन बघा, जुळणारा क्रोमड्रायव्हर (सेलेनियमला क्रोम चालवू देणारा प्रोग्रॅम) उतरवा, पाथमध्ये (सिस्टिम प्रोग्रॅम जिथं शोधते त्या फोल्डरांत) टाका. रात्री क्रोम स्वतःहून अपडेट व्हायचं, ड्रायव्हर जुनाच राहायचा, आणि सकाळी ग्राहकाचा फोन. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा सपोर्ट संपला, तोवर आम्ही ३ वर आलो होतो. मधली वर्षं बरी गेली.

सांगायचं आहे ते २०२३ चं. त्या जूनमध्ये डेबियन १२ हे लिनक्स आलं आणि सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) इन्स्टॉल करायला त्यानं नकार दिला. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' हा एरर ज्यानं पाहिला नाही, त्यानं त्या वर्षी काम केलं नाही. आम्हाला त्याचं भय नव्हतं. आमच्या पानावर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची (व्हेन्व, म्हणजे सिस्टिमपासून वेगळी ठेवलेली पायथनची जागा) पायरी पहिल्यापासून होती. डेबियनवर व्हेन्वचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं, तेही लिहिलेलं होतं.

आमचा एक प्रतिस्पर्धी आहे. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्यानं आमचं पान उचललं. उचललं म्हणजे उदाहरणातल्या फोल्डरचं नावसुद्धा आमचंच ठेवलं. फक्त 'दोन ओळींत इन्स्टॉल' अशी जाहिरात करायची होती, म्हणून व्हेन्वची पायरी उडवली आणि एरर येतो म्हटल्यावर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा स्विच जोडून दिला. पिप स्वतः त्या स्विचबद्दल बजावतं, की यानं तुमचं पायथन किंवा ऑपरेटिंग सिस्टिम मोडू शकते. नावातच सांगितलंय, आणखी काय सांगायचं!

आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसानं एरर सर्च केला. ते पान वर आलं, फोल्डरचं नाव ओळखीचं दिसलं, त्याला ते आमचंच वाटलं. सुडो लावून, म्हणजे सिस्टिमचे सर्वाधिकार घेऊन, त्यानं दोन्ही ओळी चालवल्या. युआरएललिब३ या पायथन लायब्ररीची नवी आवृत्ती सिस्टिमच्या आवृत्तीच्या पुढं येऊन बसली आणि त्यांच्या देखरेखीच्या स्क्रिप्ट बंद पडल्या, तेही ऐन रिलीजच्या आठवड्यात. दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली, कमांडची हिस्टरी दाखवली. उत्तर आलं, 'टूल तुमचंच होतं ना?' करार गेला. पुढं त्यांनी त्या प्रतिस्पर्ध्याचंच टूल घेतलं. हे अजून पचलेलं नाही आणि पचवायची माझी इच्छाही नाही.

पगार पुढं ढकलायची वेळ आली होती. तेव्हा एक मॅडम उभ्या राहिल्या. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग त्या बघतात, आमच्या अगदी सुरुवातीच्या ग्राहकांपैकी. नूतनीकरणाला वेळ असतानाच त्यांनी पुढच्या वर्षाचे पैसे पाठवले. त्यांचं नेटवर्क बंदिस्त, इंटरनेट नाही. आमचं पान त्या छापून घेतात आणि पेन्सिलनं खुणा करून परत पाठवतात. 'सर, या पायरीनंतर स्क्रीनवर काय दिसायला हवं ते लिहा. बरोबर झालं हे मला कळणार कसं?' ही त्यांची जुनी मागणी. आज आमच्या प्रत्येक कमांडखाली अपेक्षित आउटपुट असतं ते त्यांच्यामुळं.

मग पान नव्यानं बांधलं. मजकूर स्फिंक्स या दस्तऐवज बनवणाऱ्या टूलमध्ये, कोडच्याच गिट रिपॉझिटरीत (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात). कोड बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच (बदल सामील करा, या विनंतीत) पान बदललेलं नसेल तर मर्ज नाही. पानावरच्या कमांड स्क्रिप्टनं काढून रोज रात्री कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर चालवतो आणि मशीन परत मूळ स्नॅपशॉटवर (जपून ठेवलेल्या कोऱ्या स्थितीवर) नेतो. डॉकर (हलक्या कंटेनरमध्ये प्रोग्रॅम चालवणारं टूल) का नाही, असं नवी मुलं विचारतात. डॉकरमध्ये सहसा रूट म्हणूनच, म्हणजे सर्वाधिकारानं, सगळं चालतं. परवानगीचे एरर तिथं दिसतच नाहीत, ते ग्राहकाकडे दिसतात. विंडोजचं मशीन वेगळं ठेवलंय, कारण इन्स्टॉलरमधली 'अ‍ॅड टू पाथ' ही खूण करायची राहून गेली की पुढं काय होतं, ते डोळ्यांनी बघावं लागतं.

सेलेनियम ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर ड्रायव्हर स्वतः आणतो, त्यामुळं क्रोमड्रायव्हरचा अख्खा विभाग कापला. कापताना फार बरं वाटलं. पण मॅडमच्या नेटवर्कमध्ये तो आणणार कुठून? त्यांच्यासाठी ऑफलाइनचं पान वेगळं: बाहेरच्या मशीनवर पिप डाउनलोड करून व्हील फाइल्स (बसवायला तयार पॅकेजेस) गोळा करायच्या, आत नेऊन 'नो इंडेक्स' लावून, म्हणजे इंटरनेटवर न शोधता, बसवायच्या, ड्रायव्हर हातानं ठेवायचा. बाहेरचं आणि आतलं मशीन एकाच पायथन आवृत्तीचं हवं, ही ओळ ठळक अक्षरांत.

नव्यानं टूल काढणाऱ्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. स्क्रीनशॉट टाळा, पुढच्या आवृत्तीत बटण हलतं. 'लेटेस्ट व्हर्जन घ्या' असं लिहू नका, आकडा लिहा. 'फक्त एवढंच करा' यातला 'फक्त' काढा. आणि टीममध्ये नवीन आलेल्याला पान देऊन शेजारी गप्प बसा. तो जिथं अडेल तिथं त्याला मदत करू नका, पान दुरुस्त करा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पायथन ३.९ चा सपोर्ट संपला आणि मुख्य पानावरून आम्ही ते काढलं. मॅडमचा एक सर्व्हर अजून ३.९ वरच आहे. त्यामुळं जुनं पान आणि त्याचं रात्रीचं मशीन, दोन्ही चालू ठेवलंय. हिशेब बघणारे आमचे भागीदार दर तिमाहीला विचारतात, एका ग्राहकासाठी हे किती दिवस? मी त्यांना २०२३ चा ताळेबंद उघडायला सांगतो.